दोरेवाला पंच

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंय. शाळा मी दुसरीत सोडली, तोंडात दात उरले नाहीत, आणि गोष्ट मीच सांगायची. घरात एवढी शिकलेली माणसं आहेत, ती काय माशा मारतात? बरं, बसा. मध्ये कोणी बोललं तर मी उठून जाईन.

एका नदीकाठच्या गावात एक कुंभार राहायचा. अंगाने काटकुळा, बोटं म्हणजे तुरकाट्या. पण माणूस सरळ. बाजारात गिऱ्हाईक मडकं उचलून चालायला लागलं की हा मागून हाक मारायचा, "अहो, ते ठेवा. बुडाला चीर आहे त्याच्या. दुसरं न्या." कुंभारीण कपाळावर हात मारून घ्यायची. गावाने मात्र ते ध्यानात ठेवलं होतं.

त्या गावात तंटा मिटवायला कोर्टकचेरी नव्हती. गावाची म्हणून चांदीची एक जाड अंगठी होती. ती ज्याच्या बोटात, तो पंच. त्याने पारावर बसायचं आणि निवाडा द्यायचा. अंगठी पेटीत ठेवायची नाही, कामाधामातसुद्धा बोटातच असायची. काढायची ती एकाच वेळी. तंटा पंचाच्या स्वतःच्या घरचा असला, की त्याने अंगठी काढायची, फिर्याद घेऊन येणारा ज्याच्याकडे बोट दाखवेल त्याच्या बोटात घालायची, आणि आपण खाली उतरून उभं राहायचं.

नियम सोन्यासारखा होता. पण कुंभाराच्या आधी पंच होता तुपाचा व्यापारी. तो तूप विकायचा त्याहून जास्त खायचा. अंगठी बोटाच्या मांसात रुतून बसली होती. त्याच्या पोरांनी कोणाचं शेत चारलं, कोणाची भिंत पाडली, की लोक पारावर यायचे. हा अंगठीला दोन पिळे द्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "निघत नाही रे बाबांनो. मी तरी काय करू? बसतो मीच." निवाडा कोणाच्या बाजूने लागायचा ते सांगायला नको. शेवटी तो आजारी पडला, वाळला, तेव्हा अंगठी आपसूक गळून पडली. चांगलं करायची अक्कल त्याच्या बोटाला आली, त्याला नाही.

तो गेल्यावर गावाने एकमुखाने कुंभाराला पंच केलं. कुंभाराने अंगठी घातली, तर ती बोटात अशी फिरायला लागली जशी रिकाम्या रांजणात पळी.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. माती मळता मळता अंगठी बोटातून निसटली आणि गोळ्यात गेली. त्याला पत्ता नाही. चाकावर घट चढला, वर आला, आणि तळव्याला काहीतरी करकरीत लागलं. बघतो तर घटाच्या भिंतीतून गावाची अंगठी डोकावतेय. कुंभारीण पदरात तोंड खुपसून हसली. म्हणाली, "भाजून काढला असतात तर निवाडा द्यायला घटच बसवावा लागला असता पारावर."

"हसू नकोस," कुंभार म्हणाला. "उद्या नदीत पडली तर गावाला काय सांगू?"

तो सोनाराकडे गेला. तिथे नेहमीची रिकामी मंडळी बसलेली होती. सोनाराने अंगठी फिरवून पाहिली. म्हणाला, "एवढं काय त्यात? एक तुकडा कापून काढतो, टोकं जोडून देतो. अशी बसेल की मरेपर्यंत हलायची नाही."

"अंगठ्यात घाल की," एक जण म्हणाला.

"चाकावर माती अंगठ्यानेच उघडतो मी. तिथे कशी घालू?"

"मग आतून लाख भर," दुसरा म्हणाला.

"मडकी भाजायच्या आव्याजवळ उभा राहिलो की वितळेल ती."

"म्हणून सांगतो, कापूनच घे," सोनार म्हणाला. "पंचाची अंगठी कशी, घट्ट पाहिजे. सैल अंगठीचा पंच म्हणजे सैल पायाची खाट. कोण टेकणार तिच्यावर?"

कुंभार म्हणाला, "सोनारबुवा, माझ्या मापाची केलीत, तर माझ्यानंतर ती कोणाच्या बोटात जाईल? या गावात माझ्याएवढा वाळका मीच."

"नंतरचं नंतर."

"आणि मध्येच माझ्या घरचा तंटा आला तर?"

सोनाराने बाकीच्यांकडे बघून डोळा मारला. "मग तुपवाला म्हणायचा तेच म्हण. तेवढी तर मजा असते पंच होण्यात."

सगळे हसले. कुंभार हसला नाही. त्याने अंगठी उचलली आणि घरी आला.

"अगं, हिला कापायचं नाही," तो बायकोला म्हणाला. "ही माझी नाही, गावाची आहे. काही भर घालून बसते का बघ."

कुंभारणीने जुन्या लुगड्याच्या काठाचा दोरा उसवला आणि अंगठीच्या खालच्या बाजूला वेढ्यावर वेढा दिला. "बसली बघा. पण मातीने मळेल, पाण्याने कुजेल. सारखा बदलावा लागेल."

"बदलू. बोट माझं आहे, तर कटकटही माझीच."

गावातले टवाळ त्याला दोरेवाला पंच म्हणायला लागले. पारावर बसला की विचारायचे, "पंच, आज कोणत्या लुगड्याचा दोरा?" तो म्हणायचा, "हिरव्या. तुझा तंटा काय ते बोल." आणि निवाडे असे चोख द्यायचा की हरलेला माणूससुद्धा घरी जाऊन नीट जेवायचा.

पाऊसकाळ सरत आला होता, नदी अजून भरलेली होती. कुंभाराचा कर्ता मुलगा काठावर माती खणायला जायचा. लांबची माती आणायचा कंटाळा, म्हणून त्याने माळिणीच्या मळ्याचा बांध खालून पोखरला. तिथली माती लोण्यासारखी. एका सकाळी बांध खचला, पाणी आत शिरलं, आणि माळिणीचे काकडीचे सगळे वेल आडवे झाले. ती एकटी बाई, त्या मळ्यावरच तिचं पोट. चिखलाच्या पायांनी, हातातल्या विळ्यासकट ती पारावर आली.

कुंभाराला चाकावरून बोलावणं आलं. तो तसाच, मातीच्या हातांनी आला. माळिणीने सगळं सांगितलं. मुलगा खाली मान घालून उभा होता. सगळ्यांना ठाऊक होतं, गावची रीत अशी की जो बांध पोखरेल त्याला त्या काठची माती बंद. आणि कुंभाराला माती बंद म्हणजे चूल बंद.

कुंभाराने अंगठीला हात घातला. अंगठी निघेना. सकाळपासून ओल्या मातीत काम करून दोरा फुगला होता, त्यात माती भरली होती, आणि ती वाळून सिमेंटासारखी धरली होती. त्याने पिळा दिला, ओढली, थुंकी लावली. बोट लाल झालं. अंगठी जागची हलली नाही.

सोनार जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "अरे, सगळ्यांनी पाहिलं. खोटं थोडंच आहे? म्हण निघत नाही, आणि बस वर."

माळीण त्याच्या तोंडाकडे बघत होती. 'निघत नाही' हे शब्द तिने आधीच्या पंचाकडून ऐकले होते.

कुंभार मुलाकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला. "बाई, तुझा विळा दे."

"दादा, काय करता?" ती घाबरली.

"दे म्हणतो ना."

त्याने विळ्याचं टोक अंगठीखाली घातलं आणि दोरा कापला. एक वेढा, दुसरा वेढा. टोक बोटाला लागलं, रक्त आलं. दोऱ्याच्या चिंध्या पारावर पडल्या आणि अंगठी सरकन हातात आली.

"कोणाला देऊ?" त्याने विचारलं.

माळिणीने लोहाराकडे बोट दाखवलं. लोहार आणि कुंभार, दोघांचं कोळशावरून वाजलं होतं आणि तेव्हापासून ते एकमेकांची सावलीही टाळायचे. लोक कुजबुजले. आता कुंभाराचं काही खरं नाही.

लोहाराची बोटं म्हणजे केळी. पण अंगठी कापलेली नव्हती. मूळ मापाची होती, ती लोहाराच्या बोटात बरोबर बसली. कापून घेतली असती तर त्याच्या नखापुढे गेली नसती, आणि माळिणीचा न्याय तिथेच बारगळला असता.

कुंभार पाराखाली उतरला आणि मुलाच्या शेजारी उभा राहिला.

लोहाराने दोन्ही बाजू ऐकल्या. म्हणाला, "बांध मुलाने बांधून द्यायचा, दगडी. पुढच्या पुरापर्यंत काठची माती बंद. टेकडीपलीकडून गाढवावर आणा. आणि वेल परत फळाला येईपर्यंत माळिणीच्या घरचं भाजीभाकरीचं बघा."

"मान्य," कुंभार म्हणाला. मुलाने वर पाहिलं. बाप असं कबूल करेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

लोहार खाली आला, अंगठी काढून कुंभारापुढे धरली. "घे. आणि कुंभारा, टेकडीवरून येताना गाढवं दमली तर माझ्या भात्यापाशी सावली आहे. पाणी पाज."

कुंभाराने अंगठी घातली, ती पुन्हा फिरायला लागली. तेव्हा माळीण पुढे झाली, आपल्या पदराचा दोरा उसवला, त्याचं कापलेलं बोट आधी पुसलं आणि मग अंगठीला वेढे देत बसली. ज्या घराविरुद्ध फिर्याद केली, त्याच घरच्या पंचाची अंगठी तिने स्वतःच्या हाताने नीट बसवली. असा पंच मी तरी दुसरा ऐकला नाही.

तात्पर्य: मान आपल्या मापाचा करायचा तर त्यात भर घालावी, तो कापू नये, उद्या तो दुसऱ्याच्या बोटात जायचा असतो. आणि निघत नाही म्हणण्याआधी विळा मागून बघावा.

आमच्याकडेही एकाने आपल्या मेव्हण्याच्या कुंपणाचा निवाडा आपणच बसून दिला, माझी चिंच त्याच्या हद्दीत घातली, आणि वर मलाच भांडखोर म्हणाला. त्याने अजून माझी माफी मागितलेली नाही. रंगनाथ खोपडे त्याचं नाव.