हत्तीणशाळेपुढे मुकी होणारी भेरी

पूर्वी शाल्मलीनगरात दृढकेतू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तेथे राजवैद्य होते. विद्या मोठी, वय उतरलेले, आणि स्वभाव असा की औषध दिल्यावर रोगी झोपे, वैद्य मात्र जागा राही. आपले चुकले तर नाही ना, ही शंका त्यांची पाठ सोडत नसे.

राजाच्या धाकट्या भावाचे बंड फसले, तेव्हा एका नावाड्याने त्याला नदीपार पोहोचवले आणि तोही पसार झाला. नावाड्याची बायको पूर्णिका गरोदर होती. नवऱ्याचा ठावठिकाणा तिने सांगावा म्हणून अमात्य कुंडकाने तिला वेशीजवळच्या खोलीत डांबले. गुन्हेगाराला सुळावर नेताना जी भेरी वाजते, ती रोज संध्याकाळी तिच्या खिडकीखाली वाजे आणि वादक ओरडत, "नावाडी सापडला! सुळावर चालला!" नवरा कुठे आहे, हे तिला ठाऊकच नव्हते.

पोटातल्या जिवाला शिक्षा करायची नाही, असा त्या राज्याचा जुना नियम होता. म्हणून राजाने बोधिसत्त्वांना तिला तपासायला पाठवले.

"आजोबा," ती म्हणाली, "भेरी वाजली की हे दचकतं. मग कितीतरी वेळ हलतच नाही. मी नुसती हात ठेवून बसते."

"झोप लागते का, पोरी?"

"तुम्हांला लागली असती?"

ते बाहेर पडले तेव्हा वादक भेरी बडवत वेशीकडेच येत होते. त्यांच्या वाटेत हत्तीणशाळा लागली. तिथे वादकांनी भेरीवर तळहात दाबून धरले आणि ते चवड्यांवर चालू लागले.

"भेरी का थांबवलीत रे?"

"हळू बोला, वैद्यबाबा! आत हत्तीण गाभण आहे. दचकली तर पिल्लू भित्रं निपजतं, रणातून पळतं. पणजोबांपासूनची रीत आहे ही."

शाळा मागे पडली आणि थोड्याच वेळात पूर्णिकेच्या खिडकीखाली भेरी धडाडली. बोधिसत्त्व तडक राजाकडे गेले आणि या भेरीने मूल बिघडू शकते, असे त्यांनी सांगितले.

दरबारात कुंडक हसून म्हणाला, "दूध देतो, तूप देतो. अंगाला कुणी बोट लावलेलं नाही. वैद्यराज, हे मूल बिघडणार, असं खात्रीने सांगता?"

"खात्रीने नाही सांगता येत."

"संपलं तर!"

"संपलं नाही!" म्हाताऱ्याचा आवाज एवढा चढला की द्वारपाल आत डोकावले. "नगराला वेढा पडला त्या वर्षीची पोरं मी पाहिली आहेत. काही झाकण पडलं तरी किंचाळत, काही उशिरा बोलली, काहींचं चित्त एका जागी ठरेना. काही अगदी धडधाकट निघाली. हे मूल कसं निघेल ते मला माहीत नाही, अमात्य, आणि तुम्हांलाही नाही. तरी तुम्ही बडवता! हत्तिणीपुढे भेरी दाबलीत, तेव्हा कुठल्या वैद्याकडे खात्री मागितली होती? ते पिल्लू बिचकलं तर तुम्ही युद्ध हराल. नावाड्याचं पोर बिचकलं तर तुमचं काय जातं? वर उद्या ते अडखळलं की तुम्हीच म्हणाल, आईने वळण लावलं नाही!"

"वैद्यराज, कुणापुढे बोलता आहात!"

"महाराजांपुढे. महाराज, शिक्षा चालू आहे. ज्याला होते आहे तो अजून जन्मलेला नाही, एवढंच."

राजाने पूर्णिकेला सोडले आणि नावाड्याला अभय दिले.

मुलगा झाला. तो आवाजाला दचके, बोललाही उशिरा. हा भेरीचा परिणाम की त्याची प्रकृतीच तशी, हे बोधिसत्त्वांना शेवटपर्यंत कळले नाही. ते त्याच्या घरी जात, तो शब्द शोधत असे तोवर थांबत, आणि पूर्णिकेला म्हणत, "तुझं काही चुकलं नाही, पोरी."

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जमलेल्या भिक्खूंपुढे दोन जन्मांची सांगड घातली. "तेव्हाचा राजा आज उपासक भद्दिक आहे. कुंडक अजून जन्म घेत भटकतो आहे. पूर्णिका ती थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी, उत्तरिका. तो मुलगा म्हणजे भिक्खू सोणक, ज्याच्या अडखळण्याला आज सकाळी तुम्ही हसलात. आणि राजवैद्य मीच होतो."

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, खात्री होईपर्यंत थांबत नाही, ती करुणा."