हिरव्या बनातीवरचा मळ

एकदा एक पेढेवाला हात धुऊन धुऊन अगदी जेरीस आला. तसा मनुष्य स्वच्छतेचा मोठा भोक्ता. दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी हातपाय धुणार, कढईला हात लावण्यापूर्वी पुन्हा धुणार, आणि गिऱ्हाइकाने काचेवर बोट टेकले तर ते बोट उचलायच्या आत फडके फिरवणार. नाव अंबादास. वय चाळिशीच्या पलीकडचे. अशा माणसाचे हात मळावेत आणि का मळतात ते त्याला कळू नये, याला काय म्हणावे!

झाले असे. त्या गावात दुपारी एक ते चार बाजारपेठ बंद असते. इतर दुकानदार त्या वेळात जेवून आडवे होतात. अंबादासला झोप येत नसे. कोणीतरी सुचवले, म्हणून तो धान्यबाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावरच्या माडीवर पूल, म्हणजे काठीने चेंडू मारून टेबलाच्या भोकांत पाडायचा खेळ, खेळायला जाऊ लागला. माडीवर एकच टेबल. त्यावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बसवलेली, बाजूला रंगीत चेंडू, भिंतीला काठ्या उभ्या. खेळ शिकवायला एक वृद्ध गृहस्थ असत. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. आयुष्यभर त्यांनी ह्याच टेबलाशी उभे राहून लोकांना शिकवले होते, पण नेसलेले धोतर कसे, तर बगळ्याच्या पंखासारखे.

अंबादासचा हात लवकर बसला. नेम चांगला, डोके शांत. पण तासभर खेळून झाले, की डाव्या हाताची बोटे काळपट हिरवी. तळव्याच्या कडेला मळाची रेघ. नखांत तर विचारूच नका. चार वाजता दुकान उघडायचे आणि ह्या हातांनी पेढे वळायचे!

त्याने शोध सुरू केला. पहिला संशय चेंडूंवर. घरून रिठ्याचे पाणी आणून एकेक चेंडू धुतला. हात मळलेच. मग संशय काठीवर. काठी बदलली, नवी काठी ओल्या फडक्याने पुसली. हात मळलेच. मग बायकोच्या जुन्या मोज्याची बोटे कापून त्याने हातमोजा केला. मोजा मळला आणि मोज्याच्या आतला हातही मळला.

"असे कसे होते हो?" तो वस्तादांना म्हणाला.

"अंबादास, खडू लावताना टेबलापासून दोन पावले मागे हो," वस्ताद म्हणाले.

"ते राहू द्या हो. मी हाताचे विचारतोय."

"मीही हाताचेच सांगतोय."

पण अंबादासचे लक्ष तोवर पुढच्या चेंडूवर गेलेले असे. आता खडू म्हणजे काय, तर काठीचे टोक चेंडूवरून घसरू नये म्हणून त्याला जो चौकोनी खडा घासतात तो. वस्तादांनी त्याला पहिल्या दिवशी हे सांगितले, दुसऱ्या दिवशी सांगितले, पुढे सांगतच राहिले. माडीवर येणाऱ्या मंडळींना ते वाक्य पाठ झाले होते. वस्तादांनी "अंबादास" एवढेच म्हटले, की बाकावरून कोणीतरी पुरे करी, "दोन पावले मागे!" सगळे हसत. अंबादासही हसे, आणि टेबलावर वाकलेलाच राही.

असेच चालले असते. पण एके दिवशी एक बाई साखरपुड्याच्या बर्फीचा डबा घेऊन भर गर्दीत दुकानात आल्या. त्यांनी झाकण उघडून डबा काचेवर आपटला. पांढऱ्याशुभ्र बर्फीच्या मधोमध एक काळपट अंगठा स्पष्ट उमटलेला.

"हे काय हो? खरेदीखतावर अंगठा उठवतात तसा उठवलाय! व्याह्यांनी बर्फी खायची, की साक्षीदार म्हणून खाली सही करायची?"

दुकानातली माणसे हसली. अंबादासच्या कानशिलांतून जाळ निघाला. त्याने बर्फी बदलून दिली, माफी मागितली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी माडीचा जिना चढताना त्याच्या मनात दोषी ठरलेला होता. आता पाहा, मनुष्य संतापला की त्याला कारण नको असते, माणूस हवे असते.

त्या माडीवर शेवंताबाई नावाची एक बाई झाडलोट करी. रोज सकाळी येऊन ती जमीन पुसायची, चेंडू पुसायची आणि बनातीवर ब्रश फिरवायची. घरात मिळवती तीच. मुलीचे नर्सिंगचे दुसरे वर्ष ह्या कामावर चालले होते. एक डाव खेळून होताच अंबादासने व्यापाऱ्याला माडीवर बोलावून घेतले आणि सर्वांदेखत सांगितले, "शेठजी, तुमची बाई टेबलाला ब्रश लावत नाही. वरवर हात फिरवून जाते. हे पाहा माझे हात!"

शेवंताबाई राहिलेला पगार न्यायला त्याच वेळी आली होती. ती दारातच थांबली.

"भाऊ, रोज ब्रश मारते मी. एका दिशेने मारते, वस्तादांनी दाखवलाय तसा."

"मग हे कुठून आले? आभाळातून?"

ती काही बोलणार होती. तिने वस्तादांकडे पाहिले, मग व्यापाऱ्याकडे पाहिले आणि पदर सावरला. व्यापाऱ्याला खाली धान्याची गाडी सोडवायची घाई. तो म्हणाला, "बाई, एक तारखेपासून दुसरीकडे बघ. रोजची कटकट नको मला." आणि जिना उतरून गेला. तीही गेली. एक तारीख तीन दिवसांवर होती.

वस्ताद एरवी कधी आवाज चढवीत नसत. त्या दिवशी मात्र हातातली काठी त्यांनी भिंतीला अशी टेकवली, की बाकावरचे दोघे उठून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी अंबादास आला तेव्हा वस्ताद टेबलापाशी उभे होते आणि घरून आणलेले एक धुतलेले धोतर त्या हिरव्या बनातीवर पसरत होते. चारी कोपरे ओढून त्यांनी ते नीट बसवले. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

"वस्ताद, वाळत घालायला गच्ची नाही का?" बाकावरून प्रश्न आला.

"आहे. पण आज इथेच घालायचेय. अंबादास, काठी घे."

"ह्यावर? अहो, चेंडू पळेल कसा ह्यावर?"

"चेंडू पळो न पळो, तू पळू नकोस. उभा राहा."

आधी वस्ताद स्वतः खेळले. दर खेपेला ते टेबलापासून दूर जात, काठीचे टोक जमिनीकडे धरत, त्यावर खडू हलकेच फिरवत, मग येऊन चेंडू मारत. चेंडू धोतराच्या चुणीत अडकत होते. त्यांना त्याची पर्वा नव्हती. दहा वेळा मारून झाल्यावर त्यांनी धोतरावर नजर फिरवली आणि म्हणाले, "आता तू. रोज खेळतोस तसाच खेळ."

अंबादासला हा सगळा पोरखेळ वाटत होता. त्याने खांदे उडवले आणि खेळू लागला. चेंडू कुठून मारावा याचा विचार करताना त्याची एक सवय होती. टेबलावर ओणवा होऊन, तळहातावर तंबाखू मळावी तसा तो काठीच्या टोकावर खडू गोल गोल घासत राही. मनात नेम ठरला, की टोकावर एक जोरदार फुंकर मारी. मग खडू उपडा टेबलाच्या कडेवर टाकी आणि डाव्या हाताची बोटे पसरून बनातीवर टेकवी. सगळे रोजच्यासारखे. त्याला स्वतःला ह्यातले काहीच जाणवत नसे, जसे आपल्याला आपले पापणी मिटणे जाणवत नाही.

पाचव्या फटक्याला त्याने बोटे टेकवली, चेंडू मारला, हात उचलला, आणि जागीच थिजला.

धोतरावर त्याचा पंजा उमटला होता. पाच बोटे, तळव्याची कड, सगळे हिरवट. आणि पंज्याभोवती हिरवी पूड सांडलेली, जिथे त्याने खडू घासला होता बरोबर तिथे. दुसरीकडे जिथे उभा होता तिथेही तशीच, तिसरीकडेही. जिथे जिथे अंबादास, तिथे तिथे पूड. वस्ताद खेळले होते ती बाजू कोरी होती.

माडीवर कोणी हसले नाही.

अंबादास धोतरावर वाकून म्हणाला, "म्हणजे हा खडू?"

"हा खडू."

"माझाच?"

"ह्या धोतरावर दुसरे कोण खेळले?"

अंबादासला एकदम राग आला. आपली चूक हाती लागली, की पहिला येतो तो रागच. "मग हे तुम्ही मला आधी का नाही सांगितले?"

हे ऐकून बाकावरचा एक म्हातारा दुकानदार कपाळावर हात मारून ओरडला, "अरे देवा! अहो पेढेवाले, आम्हाला झोपेत ऐकू येते ते वाक्य!"

वस्तादांनी त्याला हाताने थांबवले. ते टेबलाच्या कडेला टेकले आणि म्हणाले,

"सांगितले, आणि सांगून सांगून मीही वैतागलो. पण तुझी चूक मला कळते. बनात हिरवी, खडूही हिरवा. मुद्दाम तसाच घेतात, सांडला तरी दिसू नये म्हणून. तुझी पूड खाली पडते तेव्हा ती बनातीत मिसळून जाते, तुला काही सांडल्यासारखे वाटतच नाही. पुढच्या क्षणाला तू तिच्यावरच घामेजला हात ठेवतोस. ती तुझ्या हाताला परत येते, तेव्हा मात्र तुला ती दिसते आणि दुसऱ्याची वाटते. बाबा रे, मनुष्याचे पुष्कळसे असेच असते. आपण सांडतो तेव्हा ते आपल्या जागेच्या रंगाचे असते. परत येते तेव्हाच ते मळ होते. शेवंता सकाळी टेबल स्वच्छ करून जाते. दुपारी पहिल्या पाच मिनिटांत तू त्यावर पेरतोस, आणि वर तिच्याच नावाने ओरडतोस. तिला हे ठाऊक नव्हते असे वाटते तुला? रोज सकाळी ब्रश मारताना तुझ्या उभे राहायच्या जागा तिला दिसतात. पण पेढेवाल्या शेठला हे बाईने सांगायचे कसे? मी सांगत होतो, तर माझे तरी कुठे ऐकलेस?"

अंबादास हळूच म्हणाला, "उद्या शेठजींना एकांतात भेटून सांगतो."

"तक्रार एकांतात केली होतीस?"

एवढेच बोलून वस्ताद धोतराची घडी घालू लागले.

अंबादास हात न धुताच खाली उतरला. पाठोपाठ मंडळी. गोदामात व्यापारी तराजूपाशी उभा होता, हमाल पोती लावत होते. अंबादासने सगळ्यांच्या समोर सांगितले, की बाईची चूक नाही.

व्यापारी वैतागला. "अहो, काल तुम्हीच हात नाचवत होता ना माझ्यापुढे? मी दुसऱ्या माणसाला शब्द दिलाय. एक तारखेला तो येईल. त्याला आता काय सांगू? चूक कोणाची म्हणून सांगू?"

अंबादासला घाम फुटला. हमालही पोती खाली ठेवून ऐकू लागले होते.

"माझी," तो म्हणाला. "पेढेवाल्या अंबादासची, असेच सांगा. आणि त्याच्याकडे मीच जातो. दुकानात मला भट्टीवर एक माणूस हवाच आहे, ते काम त्याने येऊन पाहावे. पण शेवंताबाईंना काढू नका."

व्यापाऱ्याने त्याच्या हिरव्या पंज्याकडे पाहिले, डोके खाजवले आणि म्हणाला, "कमाल आहे बुवा तुमची! जा, सांगा तिला. मला आता मध्ये घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंबादास माडीवर गेला. शेवंताबाई जमीन पुसत होती. त्याने सगळे सांगितले. ती लगेच काही विरघळली नाही. फडके बादलीत पिळून म्हणाली, "दोन रात्री लेकीला खोटे बोलले मी भाऊ, की सगळे ठीक आहे म्हणून. ते आता कुठे भरून देणार?"

त्याने टेबलाकडे पाहिले आणि विचारले, "ब्रश कसा मारायचा ते दाखवाल?"

"तुम्ही मारणार?"

"हो."

तिने त्याच्याकडे नीट पाहिले. मग ब्रश हातात दिला. "ह्या टोकापासून त्या टोकाकडे. उलटा फिरवायचा नाही. जोर लावायचा नाही, नाहीतर पूड आत बसते. आणि तोंड मिटून, नाहीतर घशात जाईल."

तो मारू लागला. हिरव्यावर हिरवे, काहीच दिसत नव्हते. पण दुसऱ्या टोकाला तिने धरलेल्या सुपलीत पूड जमत गेली. पाहता पाहता तळ झाकला. अंबादास थांबला.

"एवढी रोज निघते?"

"रोज."

त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत माखले होते. कोपऱ्यात नळ होता. पण अजून टेबलाची अर्धी बाजू उरली होती, म्हणून तो तोंड मिटून पुन्हा वाकला, आणि शेवंताबाईने सुपली पुढे सरकवली.

हात कोणी मळवले हे विचारायला लागण्यापूर्वी माणसाने आपण कुठे कुठे उभे होतो ते पाहावे.