परातीतला पूर

कारभारी आबाजीपंतांनी गेरूत बोळा बुडवला आणि भिवा कुंभाराच्या दारावर आडवा लाल पट्टा ओढला. मग दारावर अशी धाडकन थाप मारली, की आत बसलेली त्याची लेक गोजरा दचकली आणि तिच्या हातातलं गाडगं पडून फुटलं.

"फोड, फोड! नाहीतरी पुरात फुटणारच होतं," आबाजीपंत म्हणाले. "राजाज्ञा आहे. नदीपासून दोनशे पावलांच्या आतलं घर पूररेषेत! अशा घराने दरसाल ज्वारीचं एक पोतं महाराजांच्या पूरकोठारात भरायचं. पूर आला, की त्याच कोठारातून महाराज तुमचं पोट भरतील, घर उभं करून देतील. पोतं नाही, तर घर सोडा!"

भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. गावाला मडकी पुरवून त्याला वर्षाकाठी मिळायची दोन पोती. त्यातलं एक गेलं, तर सहा महिने खायचं काय, चिखल?

"पण पंत," गोजरा दाराआडून म्हणाली, "आमच्या घरात पाणी कधी आलंच नाही. सात पिढ्यांची फुटकी खापरं टाकून टाकून हा उंचवटा झालाय. तुम्ही पावलं मोजलीत आडवी. पाणी तर वर चढतं ना?"

"मला शिकवतेस? चल, महाराजांपुढे बोल!"

राजा धवलसेन मनाने वाईट नव्हता. फक्त एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"दोनशे पावलं मी ठरवलीत!" तो असा गरजला, की गोजराला उचकी लागली. घाबरली, की तिला उचकी लागायचीच. "तुझं घर बुडत नाही? मग आण पूर! भर चैत्रात, आठ दिवसांत! पाणी कुठवर चढतं ते मला या डोळ्यांनी दाखव. नाही जमलं, तर पोतं भरा, नाहीतर घर सोडा!"

"आणते... उक्!... आणते, महाराज!"

बाहेर येताच भिवाने कपाळावर हात मारला. "अगं बये, नदीत घोटाभर पाणी नाही. पूर काय भट्टीत भाजून काढणारेस?"

"हो, बाबा. मला एक परात घडवून द्या. चांगली रुंद, आणि काठ सगळीकडून अगदी सारखा."

आठव्या दिवशी निम्मं गाव घाटावर लोटलं. घाटाच्या दगडी खांबावर एक मासा कोरलेला होता. राजाच्या आजोबांच्या वेळी सगळ्यात मोठा पूर आला, तेव्हा पाणी जिथवर चढलं, तिथेच त्यांनी तो कोरून घेतला होता. त्या खांबाला खेटून गोजराने उतरंड रचली होती. खाली रांजण, त्यावर माठ, त्यावर घागर आणि सगळ्यात वर ती मातीची परात, नदीच्या पाण्याने काठोकाठ भरलेली. पाणी बरोब्बर माशाच्या डोळ्याशी!

"हा पूर?" आबाजीपंत पोट धरून हसले. "यात चिमणीसुद्धा बुडायची नाही!"

"तुझे हात का थरथरतायत?" राजाने विचारलं.

"भीतीने, महाराज. म्हणून तर पाणी हातात न धरता उतरंडीवर ठेवलं. त्याला भीती वाटत नाही. निवांत झालं, की ते सगळीकडे सारखंच उंच राहतं. डोळा परातीच्या काठाला लावा आणि पाण्यावरून सरळ पलीकडे बघा. जे पाण्याच्या वर दिसेल ते कोरडं. जे खाली, ते बुडालं!"

राजाने डोक्यावरचा मंदील उतरवून आबाजीपंतांच्या हातात दिला, पायरीवर गुडघे टेकले आणि एक डोळा मिटला.

"अरेच्चा! तुझा उंबरा दिसतोय! पाण्याच्या चांगला हातभर वर!"

"आता जरा उजवीकडे वळा, महाराज."

"हं... इथे सगळं पाण्याखाली. एका छपराचं टोक तेवढं डोकावतंय. अरेरे, कुणाचं गं हे घर? बुडाला की बिचारा!"

"आपलं पूरकोठार, महाराज. नदीपासून तीनशे पावलं, पण खोलगटात."

आबाजीपंतांच्या हातातून मंदील गळून पडला.

"म्हणजे पूर आला, की..." राजा पुटपुटला.

"आम्ही कोठाराकडे धावू, आणि ज्वारी आमच्याआधी नदीने नेलेली असेल!"

राजा लालबुंद झाला. "ते काही असो! राजाज्ञा बदलत नाही! पूररेषेत जो येईल, त्याने पोतं भरायचं म्हणजे भरायचंच!"

"तेच तर म्हणते मी. उक्! पूररेषेत आलं कोठार. मग कोठाराने आपलं पोतं भरायचं कुणाकडे? कोरड्या घरीच ना?"

हे ऐकून राजाच्या पोटातून असं हसू उसळलं, की घाटावरची कबुतरं भुर्रकन उडाली.

"तुझ्याकडे! दरसाल एक पोतं, तुझ्याकडे! कोठारही उचला आणि या पोरीच्या उंचवट्यावर बांधा! आणि आजपासून पूररेषा पावलांनी नाही, गोजराच्या परातीने आखायची!"

हसता हसता त्याने उतरंडीवर थाप मारली. रांजण हलला, माठ कलंडला आणि परातीतला अख्खा पूर मंदील उचलायला वाकलेल्या आबाजीपंतांच्या डोक्यावर! एवढा मोठा आवाज झाला, पण आज गोजरा दचकली नाही. तिची उचकीसुद्धा थांबली.

"पंत," राजा डोळे पुसत म्हणाला, "तुम्हीही पूररेषेत आलात की! भरा एक पोतं!"