सिरूरच्या लेकीची पंगत

सिरूरच्या छावणीत जन्मलेली हॅरिएट जनरल टॉलबटसाहेबांची बायको होऊन विलायतेला गेली. साहेबांच्या सन्मानार्थ एका उमरावाने मेजवानी दिली. पण हॅरिएटला मानाच्या वरच्या मेजावर बसलेलं पाहताच तो नाक मुरडून म्हणाला, "बाईसाहेब, हिंदुस्थानात जन्मलेल्यांनी खालच्या मेजावर बसायचं."

हॅरिएटला ते लागलं, पण ती हसतच उठली. खालच्या मेजाकडे जाताना तिने वरच्या मेजावरची मिरपुडीची डबी आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी उचलली.

"अहो, हे काय?" उमराव ओरडला.

"यांचाही जन्म तिकडचाच! नियम म्हणजे नियम."

जनरलसाहेबही उठले. "माझी सगळी पदकंसुद्धा तिकडचीच," म्हणत ते बायकोशेजारी जाऊन बसले.

आता उत्सवमूर्तीच खाली म्हटल्यावर उमराव वर एकटा काय करणार? ओशाळून तोही खाली आला. हॅरिएटने खुर्ची पुढे सरकवली.

"या, बसा. आमच्या सिरूरला जेवायला आलेल्याचं जन्मगाव विचारत नाहीत."