मुंगीचा दाणा आणि केतकीची भातुकली

एक होती मुंगी. एवढीशी. बोटावर ठेवली तर दिसायची नाही. चावली तर मात्र कळायची.

मुंगी राहायची केतकीच्या घरात. केतकीची होती भातुकली. पितळेची. एवढंसं पातेलं. एवढीशी परात. एवढासा बंब. केतकी लहान होती तेव्हा रोज खेळायची. चुरमुऱ्यांचा भात करायची. गुळाचं वरण करायची. रांधायचं खोटं खोटं, पण खायचं खरं खरं.

जेवायला बसली की केतकी आजोबांसारखं ताटाभोवती पाणी फिरवायची. ताटाच्या उजवीकडे एक दाणा काढून ठेवायची. म्हणायची, हा मुंगीचा. मग मुंगी यायची, तुरुतुरु तुरुतुरु. दाणा घ्यायची. घरी जायची, तुरुतुरु तुरुतुरु. चोरी नाही, मारी नाही. हक्काचा दाणा.

मग काय झालं? केतकी मोठी झाली. मुलं होतातच मोठी. सांगून होत नाहीत, एवढंच वाईट. एक दिवस तिनं भातुकली मांडली नाही. दुसऱ्या दिवशीही मांडली नाही. मग मांडलीच नाही.

मुंगी आली. पाहते तर काय? पाट नाही, ताट नाही, दाणा नाही. मुंगीच्या पोटात कावळे ओरडू लागले. एवढ्याशा पोटात कावळे मावतात कसे, ते मला विचारू नकोस. ओरडत होते, एवढं खरं. घरात साखरेचा डबा होता. पण साखर काही तिची नव्हती. दाणा तिचा होता.

मुंगी म्हणाली, बसल्या जागी कोण देतंय? आपणच जाऊ.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंत चढली. माळ्यावर गेली. माळ्यावर होतं गाठोडं. गाठोड्यात होतं पातेलं. मुंगी कापडातून आत शिरली.

"पातेल्या पातेल्या, दाणा दे ना. मुंगी उपाशी!"

पातेलं म्हणालं, "मी नाही देत. माझ्यात काहीच नाही. आधी गाठोडं सुटू दे."

मुंगी बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गाठोड्या गाठोड्या, सूट ना.
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

गाठोडं म्हणालं, "मी नाही सुटत. इथं सुटलं तर सगळं खाली पडेल, खणखण खणखण. आधी स्टूल हलू दे."

मुंगी भिंत उतरली. तुरुतुरु तुरुतुरु. स्टूल होतं बाल्कनीत. डोक्यावर कोरफडीची कुंडी घेऊन बसलं होतं. मोठं आळशी स्टूल.

"स्टूल स्टूल, हल ना.
गाठोडं सुटेना,
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

स्टूल म्हणालं, "मी नाही हलत. उगाच कशाला हलू? आधी बाबा चढू देत."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा करत होते इस्त्री. मुंगी सदऱ्यावर चढली. कॉलरवर चढली. कानाशी गेली.

"बाबा बाबा, चढा ना.
स्टूल हलेना,
गाठोडं सुटेना,
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

बाबा म्हणाले, "मी नाही चढत. आधी आई हो म्हणू दे."

आता बाबांची गंमत ऐक. बाबा दर दिवाळीला स्टुलावर चढतात. माळा झाडतात. गाठोड्याला हात लावतात. आत पातेलं वाजतं, खण्ण. बाबा गाठोडं पुसतात आणि परत तिथंच ठेवतात. त्यांना वाटतं, हे खाली उतरलं की आपली छोटी केतकी संपली. हे ते कुणाला सांगत नाहीत. पुरुषासारखा पुरुष, गाठोड्याला काय घाबरायचं? पण घाबरतात.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आई निवडत होती मेथी. मुंगी पेपरवर चढली. काडीवर चढली. आईच्या बांगडीवर चढली.

"आई आई, हो म्हण ना.
बाबा चढेनात,
स्टूल हलेना,
गाठोडं सुटेना,
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

आई म्हणाली, "मी नाही हो म्हणत. आधी केतकी मागू दे."

आईला ठाऊक होतं. पडून राहिलेलं खेळणं दुसऱ्या बाळाला द्यावं. खाली काढलं की द्यावंच लागणार. दिलं की गेलं. म्हणून ती हो म्हणत नव्हती. पण केतकीनं आपणहून मागितलं तर? तर केतकी खेळेल. पुन्हा चुरमुऱ्यांचा भात करेल. पुन्हा आईला पाटावर बसवेल आणि जेव म्हणेल. आई त्याची वाट पाहत होती. वेडी कुठली. आया असतातच अशा.

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. केतकी पलंगावर लोळत होती. पाय या टोकाला, डोकं त्या टोकाला. एवढी लांब झाली होती. कानात गाणी. मुंगी पायावरून चढली. चढता चढता दमली.

"केतकी केतकी, माग ना.
आई हो म्हणेना,
बाबा चढेनात,
स्टूल हलेना,
गाठोडं सुटेना,
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

केतकी म्हणाली, "मी नाही मागत. मी काय लहान आहे? आधी कुणी छोटं येऊ दे."

आता छोटं कुठं मिळणार? मुंगीनं डोकं खाजवलं. दाराच्या फटीतून बाहेर गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

शेजारच्या दारात बसली होती जाई. जाईला दात होते चारच. चार दातांनी ती आजीची चप्पल चावत होती. मुंगी तिच्यासमोर उभी राहिली. उपाशी पोटी सगळं म्हणाली.

"जाई जाई, ये ना.
केतकी मागेना,
आई हो म्हणेना,
बाबा चढेनात,
स्टूल हलेना,
गाठोडं सुटेना,
पातेलं देईना,
मुंगी उपाशी!"

जाई म्हणाली, "नाई."

मुंगीला रडू आलं. पण थांब. जाईला तेवढा एकच शब्द येत होता. दूध हवं? नाई. झोप आली? नाई. जाई नाई म्हणाली आणि उठली. चप्पल टाकली. मुंगी पुढे, जाई मागे. तुरुतुरु तुरुतुरु. डुगुडुगु डुगुडुगु.

जाई केतकीच्या घरात आली. थेट पलंगापाशी गेली. केतकीचा पाय धरून उभी राहिली. केतकीनं कानातली गाणी काढली. जाईकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, भातुकली काढ ना."

आई लगेच हो म्हणाली. मेथी टाकून उठली. बाबांना म्हणाली, ऐकलंत का, केतकी भातुकली मागतेय. बाबांनी इस्त्री बंद केली. दोघंही हसत होते.

मग काय विचारतोस!

आई हो म्हणाली,
बाबा चढले,
स्टूल हललं, करकर करकर,
गाठोडं सुटलं, खणखण खणखण,
पातेलं बाहेर आलं!

पातेलं जाईनं उचललं. डोक्यावर घातलं. आईनं केतकीसाठी पाट मांडला. म्हणाली, बस.

केतकी म्हणाली, "मला नको गं. जाईसाठी मागितली. देऊन टाक तिला सगळी."

आईचा हात पाटावरच राहिला. बाबा स्टुलावरच उभे राहिले. हो तर म्हणून झालं होतं. खाली तर काढून झालं होतं. आता परत वर ठेवायचं म्हटलं तर कुणाच्या तोंडानं म्हणायचं? आणि जाई पातेल्यात बघून हसत होती.

मग आई म्हणाली, भांडी रिकामी देऊ नयेत. आपल्याकडे तसंच असतं. शेजारणीची वाटी आली तर परत जाताना भरून जाते. मग भातुकली कशी रिकामी जाईल? आईनं चुरमुऱ्यांचा डबा काढला. गुळाची ढेप काढली. पाटाशेजारी जमिनीवर बसली. पातेल्यात चुरमुरे घातले. परातीत चुरमुरे घातले. बंबात गूळ घातला. बंबात कुणी गूळ घालतं का? पण आईनं घातला. भांडी एवढी एवढीशी. ती भरायला किती वेळ लागावा? आईला खूप वेळ लागला. बाबा खाली उतरले आणि शेजारी बसले. तेही एकेक चुरमुरा उचलून घालत बसले.

आणि जाई? जाई बसली पाटावर. मूठ भरली. खाल्ली. मूठ भरली. खाल्ली. परात संपली. पातेलं संपत आलं. मुंगी बघतेय. उजवीकडे दाणा नाही. डावीकडे दाणा नाही. मुंगीचं तोंड एवढंसं झालं. इतकी फिरली, इतकी दमली, आणि शेवटी उपाशीच?

तेवढ्यात केतकी खाली बसली. जाईची मूठ धरली.

"असं नाही जेवायचं, जाई. आधी मुंगीचा."

जाई म्हणाली, "नाई."

आणि मूठ उघडली. मुठीत होता एकच चुरमुरा. गुळानं चिकट झालेला. केतकीनं जाईचं बोट धरलं. बोटानं तो दाणा परातीच्या उजवीकडे ठेवला.

मुंगी आली. तुरुतुरु तुरुतुरु. दाणा उचलला. केवढा मोठा दाणा. पोटातले कावळे गप्प झाले.

जाईची आजी आली. जाईला कडेवर घेतलं. नको नको म्हणाली, मग बरं म्हणाली. बाबांनी सगळी भांडी तिच्या पिशवीत भरली. एक तांब्या घातला. थांबले. एक पळी घातली. थांबले. आई केतकीकडे बघत होती. आता म्हणेल, एवढं तरी राहू दे. हे पातेलं तरी राहू दे. पण केतकी? जाईला हात हलवून टाटा करत होती. खरंच आनंदानं करत होती.

पिशवी गेली. खणखण खणखण. दार लागलं.

आई तिथंच बसली होती. पदरानं डोळे पुसत होती. केतकीनं विचारलं, तू का रडतेस? भातुकली तर माझी होती.

आई म्हणाली, "तू रडली नाहीस ना, म्हणून."

केतकीला ते नीट कळलं नाही. आईलाही नीट सांगता आलं नाही. केतकी उठली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. पाय इकडे गेले, हात तिकडे गेले. मावली नाही. तरी बसली. बाबा बघत राहिले. आई हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही.

मुंगीचं पोट भरलं,
गोष्टीचं तोंड मिटलं.

आमचं बाळ अजून मांडीत मावतं. सरक बघू जरा इकडे.