हुंकाराची जागा

एका राज्यात एक राजा होता. त्याला एकुलती एक लेक, मृगावती. ती सात वर्षांची असताना दरबारात एक मांत्रिक आला आणि गोष्ट सांगायला बसला. त्या राज्याची रीत अशी, की ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हूं' म्हणायचं. हुंकार मिळाला की गोष्ट पुढे चाले. मृगावतीच्या गालात चिंच होती. तिचा हुंकार राहून गेला.

मांत्रिक उठला. म्हणाला, "हुंकार न देणारं तोंड मुकं होवो. सांगितलेली गोष्ट या कानांत शिरणार नाही. बारा वर्षांत हुंकार आला नाही, तर ही पोर शिळा होईल."

राजाने पाय धरले. मग उःशाप मिळाला. "लिहिलेल्या गोष्टीला हिने हुंकार दिला तर शाप सुटेल. मात्र लिहिणाऱ्याला अक्षर कुणी शिकवलेलं नसावं. गोष्ट आधी कुणी ऐकलेली नसावी. आणि लिहिणाऱ्याने ती निव्वळ मौजेखातर लिहावी. एक अट चुकली, तर अक्षरं उडून जातील."

मृगावती वाचायला शिकली. पण राज्यातल्या पंडितांना गुरू होते. त्यांची अक्षरं पानावर टेकेनात. अकरा वर्षं गेली.

राजाच्या मुदपाकखान्यात ठकूबाई भांडी घासायची. साठी उलटलेली, अक्षरशत्रू. मुकी मृगावती रोज तिच्यापाशी येऊन बसे, दुधाची खरवड खाई, पाठीला पाठ लावून राही. ठकूबाईला तिचा फार लळा.

वाड्यातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. कुठलं भांडं कुणी दिलं, हे ठकूबाईला तोंडपाठ. एके दिवशी राखेचा हात फिरवता फिरवता ती थबकली. घागर कनकावतीची, परात कमळजेची. दोन्ही नावं तोंडात एकाच आवाजाने सुरू होतात, आणि दोन्हींवर पहिली खूण तीच.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा तर क."

परसातल्या कण्या खाणारी साळुंकी बोलकी होती. ती म्हणाली, "म्हातारे, आता या वयात अक्षरं?"

"भांडी घासताना वय नाही विचारलंस ते."

कोरलेल्या नावांतून घागरीने क दिला, तपेल्याने त दिला, गंगाळाने ग दिला. वर्ष सरता सरता सगळी अक्षरं जमली. पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडून तिने शाई केली, बोरू तासला, भूर्जपत्र मिळवलं. सासूने सांगितलेली गोष्ट लिहून काढली. अक्षरं पाखडल्यासारखी उडाली.

"ही मी तुझ्या सासूकडून ऐकलीय," साळुंकी म्हणाली. "ती बरी सांगायची."

दुसरी गोष्ट ठकूबाईने मनाने रचली. पण ओळीओळीला पोर शिळा झालेली दिसे, डोळे पुसत ती लिही. तीही उडाली.

"रडत लिहिलीस. यात मौज कुठली?"

"पोर दगड होणार आणि मी मौज करू?"

"अट मी नाही घातली, बये."

एक दिवस उरला. ठकूबाई दमून परसात बसली. समोर मोठी कढई पालथी पडलेली, अगदी रुसल्यासारखी. हिला कुठं जायचं असेल? ठकूबाईला हसू आलं. तिने बोरू उचलला. 'एक कढई होती. तिला समुद्र तळायचा होता.' मग तेल कुठून आणायचं, झारा केवढा लागेल, मासे काय म्हणतील? लिहिता लिहिता ती स्वतःशीच हसू लागली. भांडी विसरली, उद्याचा दिवस विसरली. भात करपला, तेही कळलं नाही.

साळुंकी खांद्यावर येऊन बसली. मान वाकडी करून ओळी बघत राहिली. मग म्हणाली, "मासे काय म्हणाले पण?"

अक्षरं जागच्या जागी होती.

सकाळी पान दरबारात आलं. मृगावतीची पावलं घोट्यापर्यंत दगड झाली होती. पंडितांनी पान उलटसुलट पाहिलं.

"आजीबाई, दर ओळीपुढे चार बोटं कोरी का?"

"हुंकाराची जागा आहे ती."

"लिहिलेल्या गोष्टीत हुंकार? भूर्जपत्र फुकट घालवलंत."

"जागाच ठेवली नाही, तर तो यायचा कुठं?"

मृगावती वाचू लागली. पहिल्या कोऱ्या जागेपाशी थांबली. दुसऱ्या जागेपाशी तिचे ओठ हलले. मासे समुद्राला पातेलं समजून झाकण शोधायला निघाले, तिथे तिसरी जागा आली.

"हूं," मृगावती म्हणाली.

दगड गळून पडला. बारा वर्षांची मुकी पोर ठकूबाईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, झाकण सापडलं?"

राजाने अर्धं राज्य देऊ केलं.

"एवढं राज्य घासायचं कुणी?" ठकूबाई म्हणाली. "मला दुपार मोकळी द्या. आणखी लिहिते."

त्या दिवसापासून दुपारची भांडी पंडितांकडे गेली.

ठकूबाईने घागरीला, तपेल्याला, गंगाळाला हळदकुंकू वाहिलं. साळुंकीला दूधभात घातला. चिमूटभर कुंकू त्या मांत्रिकाच्या नावानेही ठेवलं. "त्याच्यामुळे," ती म्हणाली, "म्हातारपणी एवढं हसले."

कढईची इच्छा पुरी झाली, राजाच्या घरी बोल आला, तसा तो तुमच्याही घरी नांदो. खाली चार बोटं जागा कोरी ठेवली आहे. ती तुमची.