सरदाराची तिसरी शाल

एक होती विणकरीण. राजाबिजा नाही हं आज! तिचं नाव टेट्टा. फार जुनी गोष्ट, इंग्लंडात अँग्लो-सॅक्सन लोक राहायचे तेव्हाची. टेट्टा होती ऑस्रिक सरदाराची गुलाम. गुलाम म्हणजे माणूस असून दुसऱ्याच्या मालकीचं. मला तर सांगतानाही संताप येतो!

तिकडची रीत अशी, बरं का, की गुलामाला सोडायचं तर मालकानं त्याला चव्हाट्यावर न्यायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "सगळे रस्ते तुला मोकळे."

ऑस्रिक म्हणाला, "मला लोकरीची शाल विणून दे. मग नेतो तुला चव्हाट्यावर."

मग टेट्टा मागासमोर उभी राहिली. माग भिंतीला उभा टेकवलेला. धागे ताठ राहावेत म्हणून खाली वजनाला भाजक्या मातीची कडी बांधलेली. तिनं लाल शाल विणली. ऑस्रिकनं खांद्यावर घेतली नि म्हणाला, "आखूड झाली. दुसरी विण." मग तिनं निळी विणली, पार घोट्यापर्यंत. "ही जड आहे. आणखी एक." शाली मात्र दोन्ही त्याच्या पेटीत गेल्या. लबाड कुठला!

टेट्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रडली नाही हो. एकेक आडवा धागा घालायची नि दातओठ खात फळीनं वर ठोकायची. खट्! खट्! खालची कडी एकमेकांवर आपटायची. सगळा राग त्या शालीत उतरला.

मग ऑस्रिकनं जेवायला बसल्याबसल्याच तिसरी शाल पांघरली, पितळी टाचणी लावली, नि तोंड उघडलं, "हिचा रंग..."

तेवढ्यात शालीनं त्याची मानगूटच धरली! भरल्या ताटावरून फरफटत काढलं. चिखलातून, डुकरांमधून, थेट चव्हाट्यावर! टाचणी काही सुटेना. सारा गाव मागं धावला.

"बोला, धनी," टेट्टा म्हणाली.

"सगळे रस्ते तुला मोकळे!" ऑस्रिक किंचाळला. तशी शाल गळून पडली.

मग तोंडावरचा चिखल पुसत तो पुटपुटला, "निदान आभार तरी मान."

"माझंच मला परत देतोस, ऑस्रिक. आभार कसले?" एवढं बोलून टेट्टा चालू लागली.

पुढं तिनं स्वतःच्या घरात माग मांडला आणि सुखात राहिली. ऑस्रिक सुखात राहिला का? मला नाही ठाऊक, आणि मी विचारायला जाणारही नाही. मिटा डोळे आता.